200 तासांच्या सीपीएलनंतर पहिली नोकरी: टाइप रेटिंगसाठी घर गहाण ठेवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. गोंदिया जिल्ह्यात कामठ्याच्या बाजूच्या एका गावातली 23 वर्षांची मुलगी. भारतीय सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना), उड्डाणाचे एकूण 206 तास, त्यातले 15 मल्टी-इंजिनवरचे. परवाना मिळून तेरा महिने झाले. एअरलाइन्सकडे अर्ज केले, उत्तर नाही. नागपुरातला एक सल्लागार सांगतो की एअरबस ए320 चं टाइप रेटिंग (त्या एका प्रकारचं विमान उडवायची पात्रता) करून घे, 22 लाख लागतील, पुढचं मी बघतो. बाबा धानाचं वावर विकायला किंवा गावातलं घर गहाण टाकायला तयार आहेत. ती विचारते, करू का? आणि नाही केलं तर दुसरं काय करू? शेवटी आणखी एक: छोट्या चार्टर कंपन्या मुलींना घेतात का?

मीही विदर्भातलाच. आधी प्रशिक्षक होतो, मग एटीआर हे पंख्याचं छोटं प्रवासी विमान उडवलं, आता एअरबसवर प्रशिक्षक कॅप्टन आहे आणि नव्या मुलांच्या सिम्युलेटर चाचण्या घेतो. त्यामुळे आतून जे दिसतं ते सांगतो.

टाइप रेटिंग आत्ता करू नकोस. एखाद्या एअरलाइनचं तुझ्या नावाचं पत्र हातात आलं, त्यात निवड झाल्याचं आणि कोणत्या अटींवर ते स्पष्ट लिहिलेलं असलं, तर तो विषय वेगळा. तेव्हा पैसे उभे करण्याचा विचार करता येईल. पत्राशिवाय नाही. वावर नको आणि घर तर मुळीच नको.

का, ते नीट समजून घे, कारण बाबांना समजवायचं काम तुलाच करायचं आहे.

"देशात पायलटांचा तुटवडा आहे" हे तू पेपरात वाचतेस आणि ते खोटं नाही. 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची ऑर्डर दिली. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम आले, आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 वर गेली, आणि 2025 च्या डिसेंबरमध्ये इंडिगोला माणसं कमी पडून हजारो उड्डाणं रद्द करावी लागली. पण हा तुटवडा मुख्यतः कॅप्टनचा आणि त्यांना शिकवणाऱ्यांचा आहे. 200 तासांचा मुलगा किंवा मुलगी घेतली की तिला सिम्युलेटर लागतो, सिम्युलेटरवर शिकवणारा लागतो, आणि त्यानंतर कितीतरी उड्डाणं शेजारी प्रशिक्षक कॅप्टन बसवून करावी लागतात. तेवढे प्रशिक्षक कंपनीकडे एका वेळी नसतात. म्हणून कंपन्या तुकड्या-तुकड्यांनी घेतात. दार काही आठवडे उघडतं, मग बरेच महिने बंद. इकडे परवाने मात्र थांबत नाहीत; एकट्या 2023 मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, 1600 हून अधिक सीपीएल दिली. त्यात मध्येच एखादी कंपनी बसते. 2012 मध्ये किंगफिशर, 2019 मध्ये जेट, 2023 मध्ये गो फर्स्ट. प्रत्येक वेळी हजारो तासांचे, त्याच विमानाचं रेटिंग असलेले पायलट एकदम बाजारात आले आणि तुझ्यासारख्यांची रांग लांबली.

आता या रांगेत 22 लाखांचं रेटिंग घेऊन तू उभी राहिलीस असं समज. टाइप रेटिंग ठरावीक मुदतीने तपासणी देऊन जिवंत ठेवावं लागतं. एअरबसचा सिम्युलेटर तासाच्या भाड्याने मिळतो आणि ते भाडं सेसनासारखं नसतं. सहा-आठ महिने हात लागला नाही तर जे शिकलीस ते बोटांतून निघून जातं, आणि मुलाखतीत ते पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. शिवाय एक गोष्ट हे सल्लागार सांगत नाहीत. कमी तासांच्या पायलटचं रेटिंग नुसत्या सिम्युलेटरवर पुरं होत नाही. प्रत्यक्ष विमानावर टेक-ऑफ आणि लँडिंग करून दाखवावी लागतात. एअरलाइन पाठीशी नसेल तर 180 माणसांचं विमान तुला सरावाला कोण देणार? त्या सल्लागाराला एवढंच विचार: "विमानावरची लँडिंग कुठे, कोणाच्या विमानावर, आणि त्याचे पैसे 22 लाखांत धरलेत का?" शिवाय पैसे कोणाच्या खात्यात जाणार, नोकरी नाही लागली तर किती परत मिळणार, हे लेखी माग. उत्तर फोनवरच द्यायचा आग्रह धरला तर उठून ये. "आतून सेटिंग आहे" म्हणणाऱ्याकडे तर चहालाही थांबू नकोस. 2011 मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने घेतल्याची प्रकरणं उघडी पडली, अटका झाल्या. तेव्हापासून कागदांची तपासणी फार कडक झाली आहे. एकदा डाग लागला की कायमचा.

वावराचं म्हणशील तर बँका शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून सहसा घेत नाहीत, कारण थकलेल्या कर्जासाठी तारण जप्त करण्याचा जो 2002 चा सरफेसी कायदा आहे, त्यात शेतजमिनीवर जप्ती चालत नाही. म्हणून बँक घराकडे वळते. गावठाणातल्या घरांना आता स्वामित्व योजनेत मालमत्ता पत्रकं मिळू लागली आहेत, त्यामुळे घर गहाण टाकणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. नेमकं तेच मला भीतीचं वाटतं. धान एका हंगामात बुडालं तर पुढच्या हंगामाला पुन्हा रोवणी होते. घराचं तसं नाही. आधीचं प्रशिक्षणाचं कर्ज असेल तर अभ्यासक्रमानंतर साधारण वर्षभराची सवलत असते आणि तुझी ती संपत आली असणार. हप्ता थकायच्या आधी शाखेत जा, नोकरी नसल्याचं लेखी दे, मुदतवाढ माग, आणि जमेल तेवढं नुसतं व्याज भरत राहा. थकल्यावर गेलीस तर तोच मॅनेजर वेगळ्या आवाजात बोलतो.

आता दुसरं काय करायचं ते.

तुझ्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती "तेरा महिने" या शब्दांची. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (आयआर, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर उडवायची पात्रता) मुदत 12 महिन्यांची असते. परवाना हातात येण्याच्या आधीच ती चाचणी झालेली असते. म्हणजे तुझा आयआर आज बहुतेक संपलेला आहे. आज सकाळी एखाद्या एअरलाइनने जाहिरात काढली तर तिच्यात पहिली अट असेल: चालू सीपीएल, चालू मल्टी-इंजिन आयआर, चालू क्लास वन मेडिकल, एफआरटीओएल (विमानाच्या रेडिओवर बोलायचा परवाना), इंग्रजी प्रावीण्य किमान लेव्हल 4, पासपोर्ट. संगणकावर एक तारीख मागे पडलेली दिसली की अर्ज तिथेच बाजूला जातो. माणसाच्या नजरेपर्यंत पोचतच नाही. तू म्हणतेस उत्तर येत नाही. शेवटचे काही अर्ज कदाचित याचमुळे गेले असतील.

मी ज्या मुलांना पहिली नोकरी लागताना पाहिली, त्यात सगळेच फार हुशार होते असं नाही. दार उघडलं त्या आठवड्यात त्यांचे कागद चालू होते आणि हात उडता होता. बाकी गुण त्यानंतर. म्हणून पैसा पहिला इथे लाव. मल्टी-इंजिनवर काही तास, आयआरची चाचणी, मेडिकलचं नूतनीकरण, आणि अधूनमधून एकेक तासाचं उड्डाण. 22 लाखांच्या एका लहानशा भागात वर्ष निघतं. डायमंड डीए42 सारख्या जुळ्या इंजिनाच्या विमानाचा तास महाग असतो हे खरं, म्हणून आधी साध्या सिम्युलेटरवर हात बसवून घे आणि मगच विमानावर जा. सगळ्या मुदतींच्या तारखा घरात कॅलेंडरवर लाल शाईने लिही, आणि प्रत्येकीच्या दोन महिने आधीची तारीखही. मेडिकलमध्ये डॉक्टरने एखादी तपासणी पुन्हा सांगितली की सहज महिना जातो.

मग कमाईचं आणि तासांचं. इथे मी मनापासून आग्रह धरतो: प्रशिक्षक हो. असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग घे. त्याला अभ्यास, उड्डाणं, तोंडी परीक्षा आणि चाचणी लागते. खर्चही आहे, पण एअरबसच्या रेटिंगपेक्षा पुष्कळ कमी, आणि त्यावर नोकरी मिळण्याची शक्यता खरी आहे. देशातल्या फ्लाइंग स्कूलांना प्रशिक्षक पुरत नाहीत, कारण प्रशिक्षक एअरलाइनमध्ये निघून जातात. आणि तू राहतेस कुठे ते बघ. बिरसीला, म्हणजे गोंदियाच्या विमानतळावर, सीएई ही विमान प्रशिक्षणाची कंपनी आणि विमानतळ प्राधिकरण यांची संयुक्त संस्था आहे. तिची विमानं तुझ्या घरावरूनच फिरतात. अमरावतीला बेलोऱ्यात एप्रिल 2025 पासून प्रवासी विमान सुरू झालं आणि तिथेच एअर इंडियाची मोठी प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. चंद्रपूरला मोरव्याच्या धावपट्टीवर प्रशिक्षणाची विमानं आली. आमच्या काळी पहिल्या नोकरीसाठी विदर्भ सोडण्यावाचून इलाज नव्हता. तुला घरून डबा घेऊन कामावर जाता येईल अशी शक्यता आहे, हे फार मोठं आहे.

प्रशिक्षकाचे तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी तुझ्याकडे असलेले, धरले जातात. हंगाम बरा गेला तर वर्षाला काहीशे तास होतात, आणि एटीपीएलला (कॅप्टन होण्यासाठीच्या परवान्याला) लागणारे 1500 तास दूरचे वाटेनासे होतात. पण तासांपेक्षाही मोठं म्हणजे समज येते. शिकाऊ मुलगा फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) उशिरा करतो, तू उजव्या सीटवरून बघत असतेस, आणि हात कधी घालायचा हे ठरवायला तुला दोन सेकंद असतात. लवकर घातला तर तो शिकत नाही, उशीर केला तर नाकाचं चाक आधी टेकतं. हा निर्णय दिवसातून वीसदा घेणारी मुलगी जेव्हा माझ्यासमोर सिम्युलेटरमध्ये बसते, तेव्हा तिच्या बसण्यातूनच मला कळतं. अशा मुली-मुलांना मी डोळे झाकून पुढे पाठवतो असं नाही, पण त्यांच्याबाबतीत माझं काम सोपं होतं.

आपल्याकडचा हंगामही लक्षात ठेव. जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली आले की प्रशिक्षणाची उड्डाणं मार खातात, आणि डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी धुकं दहा वाजेपर्यंत हटत नाही. खरं काम दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंत. म्हणून प्रशिक्षकाच्या रेटिंगचा अभ्यास पावसाळ्यात उरकून घे आणि पाऊस ओसरताना अर्ज टाक.

छोट्या कंपन्यांबद्दल. सेसना कॅराव्हान, किंग एअर बी200 अशी विमानं चालवणारे चार्टर आणि एअर अँब्युलन्सवाले, राज्य सरकारांचे विमान विभाग, फ्लाय91, अलायन्स एअर, इंडियावन एअर, स्टार एअर यांसारख्या प्रादेशिक कंपन्या. या ठिकाणी जाहिरात क्वचित निघते. जागा रिकामी होते आणि ओळखीतून भरली जाते. ओळख म्हणजे वशिला समजू नकोस. चीफ पायलटला किंवा ऑपरेशन्सच्या माणसाला एक पानी बायोडेटा, त्यात सगळ्यात वर तास, रेटिंग आणि मुदतीच्या तारखा, खाली "दोन दिवसांत रुजू होऊ शकते" एवढं. दर तीन महिन्यांनी नवे तास घालून पुन्हा पाठव. नागपूरहून निघणाऱ्या रुग्ण-विमानांची माणसं विमानतळावर भेटतात. परवानगी घेऊन जा, विमान पुसायला लागलं तरी पूस. अशा कंपन्या बहुतेकदा त्यांच्या विमानाचं रेटिंग मागतात, पण माणूस पसंत पडला तर ते स्वतः करून घेतात आणि बाँड लिहून घेतात. बाँड किती वर्षांचा, मोडला तर किती रक्कम, आणि पगार किती तासांना, हे वाचल्याशिवाय सही नको.

आणि मधल्या काळात घरी बसू नकोस. फ्लाइट डिस्पॅच, एखाद्या ऑपरेटरच्या ऑपरेशन्स ऑफिसमध्ये काम, ग्राउंड स्कूलमध्ये नेव्हिगेशन किंवा हवामान शिकवणं, यातलं काहीही. पगार थोडा असतो. पण कोणत्या कंपनीत केव्हा जागा निघणार हे तिथे आधी कळतं, आणि विषय जिवंत राहतो. गावात "पायलट झाली म्हणे, मग घरी काय करते?" हा प्रश्न बाबांना रोज ऐकावा लागतो. त्यांना एक उत्तर मिळतं, हेही कमी नाही.

चाचणीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे पैसा नाही, सराव लागतो. सिम चाचणीत तू एअरबस उडवून दाखवावीस अशी माझी अपेक्षा नसते. मी बघतो रॉ डेटावर आयएलएस, म्हणजे धावपट्टीकडून येणाऱ्या रेडिओ संकेतांचे काटे बघत हाताने उतरणं. फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते पडद्यावर दाखवणारी खूण) बंद, ऑटोपायलट बंद. ग्राउंड स्पीड (जमिनीच्या हिशेबाने वेग) 120 नॉट असेल तर तीन अंशांच्या उतारासाठी मिनिटाला साधारण 600 फूट उतरायचं, म्हणजे ग्राउंड स्पीडच्या पाचपट. समोरून 20 नॉटचा वारा आला, ग्राउंड स्पीड 100 झाला, तर 500. हा हिशेब तुझ्या तोंडात तयार असायला हवा. विमान ग्लाइड स्लोपच्या (उतरायच्या ठरलेल्या रेषेच्या) अर्धा डॉट वर गेलं की घाबरलेला पायलट नाक दाबतो, वेग वाढतो, मग पॉवर काढतो, मग खाली जातो, आणि 500 फुटांवर सगळं विस्कटतं. तयार पायलट पिच (नाकाचा कोन) एखाद्या अंशाने बदलतो, थांबतो, बघतो. मी त्या थांबण्याला गुण देतो. चुकलंच तर "गो अराउंड" म्हणून वर जाणाऱ्याला मी कधी नापास केलेलं नाही. ओढूनताणून खाली उतरवणाऱ्याला केलं आहे.

तोंडी मुलाखतीत पुस्तकातली व्याख्या सगळेच सांगतात. तू तुझ्या घरचं उदाहरण दे. डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा विरळ झाल्यामुळे विमानाला जाणवणारी उंची) विचारलं तर बिरसीचा मे महिना सांग. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 1000 फूट. दुपारी क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरलेला हवेचा दाब) 1002, म्हणजे प्रमाण दाबापेक्षा 11 हेक्टोपास्कलने कमी, प्रत्येकी सुमारे 27 फूट धरले तर प्रेशर अल्टिट्यूड (प्रमाण दाबाच्या हिशेबाने उंची) 1300. त्या उंचीला प्रमाण तापमान 12 ते 13 अंश, बाहेर 44. फरक साधारण 32 अंश, दर अंशाला 120 फूट, म्हणजे आणखी 3800 च्या वर. विमानाला वाटतं आपण 5100 फुटांवरून उडतोय. मग टेक-ऑफचं अंतर का वाढतं, चढण का मंदावते, आणि म्हणून प्रशिक्षणाची उड्डाणं पहाटे का लावतात, हे तू स्वतः अनुभवलेलं आहेस. असं उत्तर देणाऱ्या मुलीला पुढचे तीन प्रश्न विचारायची गरज उरत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची इंग्रजीची धास्ती मला ठाऊक आहे. समोरच्यांना उच्चार साहेबी नको असतात. वाक्य पूर्ण हवं आणि अर्थ एकच निघायला हवा. आधी विषय घरात आईला मराठीत समजावून सांग. तिला कळला तर तुला कळला आहे. मग तोच मोबाइलवर इंग्रजीत रेकॉर्ड कर आणि ऐक. रोज वीस मिनिटं. लॉगबुकची बेरीज पान-पान तपास आणि डीजीसीएच्या संगणकावरचे तास वहीशी जुळतात का बघ, मुलाखतीत "हा आकडा कसा आला?" विचारलं की पानं चाळत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि एक तासही पेनाने वाढवू नकोस, कोणी कितीही सांगितलं तरी. 206 खरे तास लाज वाटावी असे नाहीत.

आता शेवटचा प्रश्न. हो, चार्टर कंपन्या मुलींना घेतात. परवान्याच्या नियमांत मुलगा-मुलगी फरक नाही, आणि भारतात महिला पायलटांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे. काही छोटे मालक कां-कूं करतात, कारण विमान रात्री परगावी थांबलं तर दोन खोल्यांचा खर्च येतो. तोंडावर तसं म्हणत नाहीत इतकंच. मुलाखतीत तूच सरळ विचार: मुक्काम पडला तर राहण्याची सोय काय, विमानतळावरून नेणं-आणणं कोण करतं, आणि कंपनीत आणखी कोणी महिला पायलट आहे का. असेल तर रुजू होण्याआधी तिच्याशी फोनवर बोल. नसेल, पण चीफ पायलटने या तिन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं दिली, तर जा.